हॉस्टेलच्या रूममधला एक्स्टेंशन बोर्ड: काय लावायचं, कुठं ठेवायचा अन् काय अजिबात लावायचं नाही

ॲडमिशनचा सीझन आला की लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर सगळीकडं तेच चित्र. पोरं-पोरी गादी, बादली, डबे घेऊन रूमवर येतात अन् पहिल्याच दिवशी कळतं की खोलीत माणसं चार, सॉकेट दोन, अन् त्यातलं एक दाराच्या मागं. मग संध्याकाळी बाजारात जाऊन जो हाती लागंल तो एक्स्टेंशन बोर्ड आणायचा, पलंगाखाली सरकवायचा, अन् कोर्स संपेपर्यंत त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. मी इलेक्ट्रिकलवाला, हॉस्टेलातच राहून शिकलेला, त्यामुळं कुणाच्याही रूमवर गेलो की माझी नजर आधी बोर्डाकडंच जाते. काळे पडलेले सॉकेट, इन्सुलेशन टेप गुंडाळलेली वायर, गादीखालून गेलेली वायर, हे इतकं कॉमन आहे की आता नीट बसून लिहावंच म्हणलं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बोर्डामुळं भोकं वाढतात, करंट वाढत नाही. तुमच्या टेबलाजवळचं जे छोटं सॉकेट असतं ते ६ अँपिअरचं, आपल्याकडं सप्लाय २३० व्होल्टचा, म्हणजे ६ गुणिले २३०, झाले १३८० वॅट. बोर्डाला चार भोकं असू द्या नाहीतर आठ, सगळ्यांचं मिळून १३८० च्या आतच राहायचं, अन् तेही अगदी काठोकाठ नाही, हजार-अकराशेच्या आत ठेवलं तर बरं, कारण हॉस्टेलातली सॉकेटं जुनी, आतल्या पत्त्या ढिल्या झालेल्या असतात. मोठं सॉकेट असतं ते १६ अँपिअरचं, भोकं जाड, ते गिझर नाहीतर एसीसाठी, पण बहुतेक रूममध्ये ते नसतंच.

आता हिशोब करा. प्रत्येक वस्तूच्या मागं नाहीतर चार्जरवर वॅट लिहिलेले असतात, बारीक अक्षरात, मोबाईलनं फोटो काढून झूम करून वाचा. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॅट, गेमिंगवाला असंल तर दीडशे-दोनशेच्या पुढं. मोबाईलचा चार्जर २० ते ३०, काही फास्टवाले ६५ पर्यंत. टेबल फॅन ५०-६०. कूलर दीडशे ते दोनशेच्या आसपास. म्हणजे चौघांचे साधे लॅपटॉप, चौघांचे मोबाईल, एक टेबल फॅन अन् एक कूलर असं सगळं जरी एका बोर्डावर लावलं तरी सहाशे-सातशेच्या वर जात नाही, बोर्ड आरामात चालतो. गडबड होते ती तापणाऱ्या वस्तूंनी. इलेक्ट्रिक केटल १५०० वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअर, ती एकटीच लिमिटच्या बाहेर. पाणी तापवायचा रॉड १००० ते २००० वॅट, इंडक्शन २००० पर्यंत, इस्त्री ७५० ते १०००, कॉइलची शेगडी हजार-दोन हजार. जी वस्तू गरम करायसाठीच बनवलीय ती एक्स्टेंशन बोर्डावर लावायची नाही, एवढं एक पाळलं तरी निम्म्याहून जास्त धोका टळतो. अन् तापण्याचं गणित सरळ नाही हे पण लक्षात घ्या, करंट दुप्पट झाला की वायरीत तयार होणारी उष्णता चौपट होते. म्हणून "थोडंच जास्त आहे, चालतंय" हे वायरीच्या बाबतीत चालत नाही.

बरेच जण म्हणतात, जास्त लोड झाला तर एमसीबी (मेन बोर्डातला आपोआप पडणारा खटका) पडंल की. इथं सगळे फसतात. एमसीबी बसवलेला असतो भिंतीतल्या वायरिंगसाठी, तुमच्या बोर्डाच्या वायरीसाठी नाही. समजा रूमचा एमसीबी १६ अँपिअरचा आहे अन् तुमच्या बोर्डाची वायर बारीक, पाच-सहा अँपिअरलाच तापणारी. त्यावर तुम्ही केटल अन् इस्त्री लावली, दहा-अकरा अँपिअर चालले, एमसीबीच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे, तो हलणार पण नाही, अन् तिकडं वायरीचं प्लास्टिक मऊ होऊन आतल्या दोन तारा, फेज (करंट आणणारी) अन् न्यूट्रल (परत नेणारी), एकमेकींना चिकटायला लागतात. जुन्या हॉस्टेलात तर अजून किटकॅटचे (चिनी मातीचे, तार घालायचे) फ्यूज आहेत, अन् फ्यूज उडायला लागला की कुणीतरी त्यात जाड तार घालून ठेवतं. मग तर अडवणारं कुणीच राहत नाही. म्हणून बोर्ड घेताना त्यालाच स्वतःचा फ्यूज किंवा ओव्हरलोडचं बटण पाहिजे. लोड वाढला की ते छोटं बटण टक करून बाहेर येतं, वस्तू काढायच्या, थोडा वेळ थांबायचं, परत दाबायचं. ते सारखं बाहेर येत असंल तर बटण खराब नाही, तुमचा लोड जास्त आहे.

बोर्ड घ्यायला गेलात की किंमत नंतर विचारा, आधी वायर हातात घ्या. चांगल्या वायरीवर छापलेलं असतं, किती कोअर (आत किती वेगळ्या तारा) अन् किती स्क्वेअर एमएम (तारेची जाडी). तीन कोअरच पाहिजे (फेज, न्यूट्रल, अन् गळका करंट जमिनीत नेणारी अर्थ), दोन कोअरचा बोर्ड फुकट मिळाला तरी घेऊ नका. जाडी ०.७५ पेक्षा कमी नको, १ मिळाली तर उत्तम. वायरीवर काहीच छापलेलं नसंल तर तिथंच ठेवून द्या. मग पिन बघा. तीन पिनचा प्लग, वरची पिन जाड अन् लांब, ती अर्थची. ती लांब असते ते उगाच नाही, प्लग आत जाताना आधी अर्थ जोडला जावा अन् काढताना शेवटी सुटावा म्हणून. खिशात छोटं चुंबक घेऊन जा, पितळेला चुंबक चिकटत नाही, पिनांना खटकन चिकटलं तर आत लोखंड आहे, अशी पिन तापते अन् पावसाळ्यात गंजते. आयएसआयचा मार्क बघा, प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे स्टँडर्ड आहे, अन् मार्कच्या खाली सीएम/एल असा लायसन नंबर असतो. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप टाका, त्यात तो नंबर टाकला की लायसन कुणाचं अन् कोणत्या वस्तूचं ते समोर येतं. दुकानदाराला राग आला तरी चालंल, तिथंच उभं राहून चेक करा. भोकांना आतून शटर (प्लग नसताना भोकं झाकणारी झडप) असलेला बोर्ड मिळाला तर तोच घ्या. अन् ते जगातला कुठलाही प्लग बसतो असं सांगून विकतात ते चौकोनी भोकाचे मल्टीप्लग, त्यात कुठलाच प्लग घट्ट बसत नाही, ते नकोच.

आता स्पाईक गार्ड. दुकानात एक्स्टेंशन बोर्ड मागा नाहीतर स्पाईक गार्ड मागा, एकच वस्तू काढून देतात, पण दोन्ही वेगळे आहेत. साधा बोर्ड म्हणजे फक्त वायर, खटके अन् सॉकेटं. स्पाईक गार्डात, म्हणजे खऱ्या सर्ज प्रोटेक्टरात, एमओव्ही नावाचा एक पार्ट असतो, गोल चपट्या गोळीसारखा दिसतो. नॉर्मल व्होल्टेजला तो गप्प असतो, अन् लाईनवर एकदम मोठा झटका आला की क्षणाच्या आत स्वतःमधून वाट करून देतो, त्यामुळं तो झटका तुमच्या लॅपटॉपपर्यंत पूर्ण ताकदीनं पोचत नाही. आपल्याकडं असे झटके कधी येतात ते सगळ्यांना माहितीय. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी ढग दाटून वारं सुटतं, विजा कडाडतात, लाईट जाते, येते, परत जाते. डीपीवर काही काम झालं, शेजारची मोठी मोटार बंद-चालू झाली, तरी छोटे झटके येतच असतात. म्हणून बॉक्सवर सर्ज प्रोटेक्शन असं स्पष्ट लिहिलंय का, अन् किती ज्यूल ते बघा. ज्यूल जितके जास्त तितका तो पार्ट जास्त झटके खाऊ शकतो. ज्यूलचा आकडाच नसंल तर तो साधा बोर्ड समजा, नाव काही का असंना.

एमओव्ही कायम टिकत नाही, प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजतो अन् एक दिवस संपतो, पण बोर्ड चालूच राहतो त्यामुळं कळत नाही. चांगल्या स्पाईक गार्डावर प्रोटेक्टेड किंवा सर्ज असं लिहिलेला एक छोटा लाईट असतो, खटक्याच्या लाईटपेक्षा वेगळा. तो बंद पडला म्हणजे आतलं संरक्षण संपलं, आता तो फक्त बोर्ड राहिला, बदला. दुसरं, स्पाईक गार्डाला अर्थिंग लागतं. झटक्याचा एक रस्ता अर्थिंगमधूनच जातो, भिंतीच्या सॉकेटाला अर्थिंग नसंल तर हजार रुपयाचा स्पाईक गार्ड पण अर्धाच उपयोगाचा. अन् जवळ वीज पडली तर कुठलाच स्पाईक गार्ड खात्रीनं वाचवू शकत नाही. ढग गडगडायला लागले की लॅपटॉपचा, वायफायचा प्लग सरळ भिंतीतून काढा, नुसता खटका बंद करून भागत नाही. पण हे आधी करायचं, विजा डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावत बसू नका. दामिनी नावाचं ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं, आसपास विजा पडत असतील तर सांगतं, आपल्या भागातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ते असायलाच पाहिजे.

अन् एक गैरसमज, स्पाईक गार्ड म्हणजे स्टॅबिलायझर नाही. व्होल्टेज तासभर १७० वर पडून राहिलं तर तो काहीच करत नाही. उलट कधी कधी न्यूट्रल तुटतो, तेव्हा एका रूममध्ये बल्ब एकदम भगभगायला लागतो अन् दुसऱ्या रूममध्ये मंद होतो, पंखा वेड्यासारखा फिरतो. अशा वेळी सॉकेटात ३००-४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात अन् एमओव्ही स्वतःच तापून पेटू शकतो. हे दिसलं की विचार करत बसायचं नाही, आधी रूमचा मेन बंद, मग वॉर्डनला फोन, अन् बिघाड बाहेर लाईनवर असंल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार.

अर्थिंग आहे का नाही हे तुम्ही स्वतः तपासू नका, ते वायरमनचं काम आहे, त्याच्याकडं तीन लाईटचा सॉकेट टेस्टर असतो, मिनिटात कळतं. तुम्हाला एक खूण मात्र कळू शकते. लॅपटॉपची बॉडी धातूची असंल अन् चार्जर तीन पिनचा असंल, तरी चार्जिंगला लावून मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगची शंका घ्या अन् वायरमनला बोलवा. अन् थ्री पिन बसत नाही म्हणून वरची जाड पिन तोडणारे महाभाग प्रत्येक हॉस्टेलात असतात, असा प्लग रूममध्ये दिसला तर आजच बदलून घ्या.

लावायच्या पद्धती. बोर्ड थेट भिंतीच्या सॉकेटात लागला पाहिजे. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी आगगाडी करायची नाही, कारण सगळ्यांचा लोड पहिल्याच्या वायरीतून जातो अन् प्रत्येक जोडावर एक ढिलं कनेक्शन वाढतं. वायर छोटी पडते तर लांब वायरचा बोर्ड घ्या, मध्ये तोडून टेप लावून वाढवू नका. प्लग तुटला म्हणून वायरी सोलून थेट भोकात खोचायच्या अन् निसटू नये म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकायच्या, हे मी अजून बघतो, अन् दर वेळी अंगावर काटा येतो. रात्री झोपेत कुणाचा पाय लागला, एक वायर निसटून पलंगाच्या लोखंडाला टेकली, की संपलं. मोठा १६ अँपिअरचा प्लग छोट्या सॉकेटात बसवायला बाजारात कन्व्हर्टर मिळतो, तो पण नको, प्लग मोठा केलाय तो त्या वस्तूला करंट जास्त लागतो म्हणूनच.

जास्तीची वायर गुंडाळून रबर लावून ठेवू नका, गुंडाळीत उष्णता कोंडते, मोकळी सोडा. गादीखाली, गोधडीखाली, कपड्यांच्या ढिगाखाली बोर्ड नको. दाराच्या फटीतून वायर नेऊ नका, दार दर वेळी तिला चिरडतं. बोर्डाच्या मागं खिळ्यात अडकवायची दोन भोकं असतात, जमिनीपासून हात-दीड हात वर भिंतीला अडकवा, फरशी पुसताना पाणी जाणार नाही, धूळ कमी बसंल, पाली-मुंग्या पण कमी शिरतील. प्लग काढताना वायरीला धरून ओढायचं नाही, प्लगला धरायचं, हे लहानपणापासून ऐकलंय सगळ्यांनी तरी कुणी करत नाही.

कूलरवर जरा थांबतो, कारण आपल्या भागात खरा जीवाचा धोका इथं आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ ला जातो, कूलर नसंल तर अभ्यास सोडा, झोप पण लागत नाही. पण पत्र्याचा कूलर म्हणजे लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, अन् खाली ओली फरशी. पंपाचं इन्सुलेशन गेलं की करंट पाण्यातून बॉडीत उतरतो, अन् अर्थिंग नसंल तर तो तिथंच वाट बघत राहतो, कुणीतरी ओल्या हातानं, अनवाणी, कूलरला हात लावेपर्यंत. म्हणून पाणी भरायच्या आधी प्लग काढायचा, फक्त कूलरचा खटका बंद करून चालत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. प्लग तीन पिनचाच, अन् जमलं तर कूलर थेट भिंतीच्या सॉकेटात लावा. बोर्डच वापरावा लागला तर तो कूलरच्या खाली किंवा समोर नको, बाजूला उंच अडकवा, अन् वायर बोर्डात शिरण्याआधी थोडी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकंल, सॉकेटात जाणार नाही. सीझनला कूलर बाहेर काढला की पहिल्यांदा वायरमनकडून पंप अन् बॉडी चेक करून घ्या, मगच पाणी घाला. कूलरला हात लावल्यावर थोडं जरी झिणझिणलं तरी "एवढं काय" म्हणायचं नाही, त्या दिवशी बंद. हॉस्टेलच्या मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असंल तर असा करंट गळताच तो लाईन तोडतो, एमसीबी ते करत नाही, दोघांचं काम वेगळं आहे.

हिवाळ्यात रॉड. परभणीत थंडीत पारा एक आकडी होतो, सकाळी सहाच्या क्लासला गार पाण्यानं अंघोळ नको वाटते हे कळतं मला. पण बऱ्याच हॉस्टेलांत रॉडला बंदीच असते अन् ती बंदी बरोबर आहे. घरमालकाच्या रूमवर राहत असाल अन् रॉड वापरायचाच असंल तर १६ अँपिअरच्या सॉकेटात, बादली प्लास्टिकची, आधी पाण्यात रॉड बुडवायचा मग खटका चालू, अन् पाणी तापलं का बघायला बोट घालायचं ते खटका बंद करून प्लग काढल्यावरच. रॉड एक्स्टेंशन बोर्डावर लावून बाथरूमच्या दारात ठेवायचा प्रकार कुणीच करू नका.

इस्त्रीचं वेगळं. इस्त्री करता करता लाईट जाते, इस्त्री तशीच गादीवर राहते, माणूस चहाला जातो, अन् लाईट येते तेव्हा रूमला कुलूप असतं. लाईट गेली की पहिलं काम म्हणजे तापणाऱ्या वस्तूचा प्लग काढणं. ही सवय रूममधल्या सगळ्यांना लावा, एकट्यानं पाळून उपयोग नाही.

रविवारी कपडे धुवायच्या आधी दोन मिनिटं बोर्डासाठी काढा. वापरात असताना प्लगच्या प्लास्टिकवर उलटा हात ठेवा. कोमट ठीक, पण चटका लागत असंल तर लगेच लोड कमी करा. मग भिंतीतून प्लग काढून पिना बघा, काळ्या किंवा निळसर झाल्यात का. भोकाभोवती तपकिरी डाग, जळक्या माशासारखा वास, चरचर आवाज, खटका दाबल्यावर आत ठिणगी, प्लग स्वतःच्या वजनानं बाहेर येणं, यातलं काही पण असंल तर तो बोर्ड गेला. त्याला उघडून, टेप लावून परत वापरू नका, अन् ज्युनिअरला पण देऊन जाऊ नका.

बोर्डाला आग लागलीच तर पाणी टाकायचं नाही. आधी मेन बंद, मेन जवळ नसंल अन् प्लग धड असंल तरच प्लग ओढा. कॉरिडॉरमधला सीओटू किंवा पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर चालतो, कोरडी वाळू चालते. आग गादीपर्यंत गेली तर विझवायच्या नादात थांबू नका, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ लावा. कुणाला शॉक लागून तो चिकटला असंल तर त्याला हात लावायचा नाही, मेन बंद करा, ते जमत नसंल तर कोरड्या लाकडी काठीनं नाहीतर प्लास्टिकच्या खुर्चीनं वायरीपासून ढकला, पायात चप्पल असू द्या. श्वास नसंल तर लगेच छाती दाबायला सुरू करा अन् दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. शुद्धीवर असला, "मला काय नाही झालं" म्हणला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या, कारण शॉकचा परिणाम हृदयावर नंतरही दिसू शकतो.

अन् मूळ दुखणं सॉकेट कमी असण्याचं आहे, ते आपण मागितल्याशिवाय सुटणार नाही. रेक्टरला नाहीतर घरमालकाला तोंडी सांगून विसरलं जातं, त्यापेक्षा लेखी अर्ज द्या, रूममधल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन. अर्जात रूम नंबर, किती जण राहतात, किती सॉकेट चालू आहेत, कोणतं ढिलं किंवा जळकं आहे, त्याचा फोटो, अन् मागण्या तीनच लिहा: प्रत्येक टेबलाजवळ एक तीन पिनचं सॉकेट, अर्थिंगची तपासणी, अन् मेन बोर्डात आरसीसीबी. शेजारच्या रूमवाल्यांना पण तसाच अर्ज द्यायला लावा, एका रूमपेक्षा एका मजल्याचं लवकर ऐकलं जातं. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका, तारखेसकट.